बारावं शीट

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर शेवटचा एक खिळा ठोकायचा राहिला होता. त्या खिळ्यावरून खलीलभाई आणि मी आठ दिवस भांडलो. भांडण जिंकलो मी. जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं का मी काय कापून ठेवलंय.

आधी भिंत सांगतो, म्हणजे पुढचं डोक्यात बसंल.

एकलहऱ्याच्या रस्त्याला, पावरहाऊसच्या चिमण्या दिसत्यात तिथं खलीलभाईचं गॅरेज हाय. मी सोमनाथ, तिथला मेकॅनिक. सत्तावीस वर्षं झाली, गॅरेज उघडलं त्या दिवसापासून हाय. सातवीत शाळा सोडली, पाना हातात घेतला, तो अजून खाली ठेवला नाय. आता दरवर्षी खंडेनवमीला आम्ही सगळी अवजारं घासूनपुसून पोत्यावर मांडतो. पाने, जॅक, हातोड्या. हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. पेढे खलीलभाई आणतो. पहिल्या वर्षी मी म्हणलो, "भाई, तुमी कशाला?" तं म्हणे, "अवजारं माझी, मग पेढे काय तुझा सासरा आणंल?" तवापासून तोच आणतो.

त्याच दिवशी भिंतीवर एक फोटो ठरतो. मानाचा. ज्यानं काहीतरी असं केलं का जे बघून आपण टोपी काढावी, त्याचा. एक लाइनमन हाय, वादळात खांबावर चढलेला. एक क्रेनवाला हाय, त्यानं नदीतून भरली बस ओढली होती. एक सुईण हाय, जी आमच्या इथं पंक्चर काढायला थांबली आणि शेजारच्या रिक्षात बाळंतपण करून मग ट्यूब घेऊन गेली. असे चोवीस फोटो.

नियम तीन. देव नाय, पुढारी नाय, आणि गॅरेजचा माणूस नाय. तिसरा नियम खलीलभाईचा. पहिल्या वर्षी आम्ही सगळेच "मी, मी" करायला लागलो तवा त्यानं टाकला. "मी मालक हाय, मी पण नाय," म्हणे.

ठरवायची रीत अशी. तेलाचे दोन रिकामे डबे ठेवायचे, प्रत्येकानं एक नट आपल्या पसंतीच्या डब्यात टाकायचा. सगळे नट एकाच डब्यात पडले तरच फोटो लागतो. एक जरी नट दुसऱ्या डब्यात गेला तं त्या वर्षीचा खिळा मोकळा. असे दोन खिळे मोकळे हायेत, आणि एकदा मोकळा तो कायमचा मोकळा. त्यातला एक माझ्यामुळं.

या वर्षी रस्ता रुंद करायचं निघालं. मापं घेऊन गेले, भिंतीवर लाल रंगानं आकडा टाकून गेले. गॅरेज मागं सरकणार, पत्र्याच्या शेडमध्ये. पत्र्याला खिळे कुठं ठोकणार? म्हणून हा खिळा शेवटचा.

माझा माणूस ठरलेला होता. बुधा. सुरगाण्याकडचा जीपवाला.

दोन हजार तीन साली नाशकात मोटारींची रॅली निघाली. पेठ, सुरगाणा, घाटातून फिरून परत. मोठमोठ्या घरची पोरं, हेल्मेट काय, कपडे काय. बुधाला एका डिझेलवाल्यानं पैसे भरून उतरवलं. जीप खलीलभाईनं तयार केली, आणि शेजारी घड्याळ आणि नकाशा घेऊन बसायला कोण? मी. कारण मला घड्याळ बघता येतं असं खलीलभाईनं सांगितलं.

गाडी लय भारी हाकली त्यानं. अर्ध्या वाटेपर्यंत आम्ही तिसरे होतो. मग एका वळणावर एक म्हातारी उभी, डोक्यावर टोपली. तिनं हात केला. बुधानं ब्रेक मारला.

मी म्हणलो, "अरे बुधा, शर्यत हाय ही!"

बुधा म्हणे, "त्या मावशीला काय माहीत?"

ती बसली. पुढं दोन माणसं उभी. त्यांनी हात केला. परत ब्रेक. वीस वर्षं जीप चालवलेला माणूस तो, हात दिसला का पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मी घड्याळ दाखवतोय, शिव्या देतोय. तो म्हणतो, "सोमाभाऊ, जरा सरका तिकडं, एक शीट होतंय." एक कोंबडीवाला, दोन बाया नागलीचं पोतं घेऊन, एक मास्तर. मास्तर तं मला विचारतो, "ही गाडी रोज या टायमाला असते का?"

नाशकात पोहोचलो तवा मांडव सोडायला घेतला होता. खुर्च्या उचलत होते. आम्ही शेवटून पहिले, अकरा शीटं घेऊन. बक्षीस देणारा साहेब बघतच राहिला. एका पेपरवाल्यानं फोटो काढला. बॉनेटवर टेकून बुधा, आणि जीपमधून बाहेर सांडलेली अकरा माणसं, कोंबडीसकट.

आता सांगा, हा माणूस भिंतीवर नको?

खलीलभाईचं म्हणणं वेगळंच. त्याला पाहिजे होती सोनेरी पाखरं.

सोनेरी पाखरं म्हणजे सिनेमातला बँड. सत्त्याण्णव सालचा सिनेमा, नाव घेत नाय, पडला बिचारा, आठवडाभर पण चालला नाय. गंगापूर रोडला आणि पुढं धरणाच्या पाण्यावर त्याचं शूटिंग झालं होतं. पाच गरीब पोरं सोनेरी कोट घालून ऑर्केस्ट्रा काढत्यात, गाडी बंद पडली का पाण्याकाठीच वाजवायला लागत्यात, असं काहीतरी. सिनेमा गेला पण गाणी राहिली. आमच्याकडं एक कॅसेट होती, ती घासून घासून मेली. मग आमचा इलेक्ट्रिशियन ज्ञानेश आला, त्यानं गाणी मोबाईलवर शोधून दिली. रोज चार वाजता चहाला ती लागायचीच.

तर त्या चार वाजताच्या चहालाच भांडण सुरू व्हायचं.

"भाई," मी म्हणायचो, "तुमची पाखरं खोटी हायेत. तो बँडच नव्हता. वाजवणारे मुंबईत, गाणारे मुंबईत, हे नुसते कोट घालून हात हलवत होते."

"मग गाणं खोटं का?" खलीलभाई.

"गाणं खरं. पण मान कोणाला द्यायचा? कोटाला?"

आमच्या बाजूला उज्वलाताईची टपरी हाय. एक नट तिचा पण असतो, कारण सत्तावीस वर्षांचा चहा तिचाच. ती किटली आपटून म्हणली, "माझ्या लग्नात त्यांचंच गाणं वाजलं. लग्न तं खरं झालं ना? नवरा तं रोज दिसतोय."

"ताई, तुम्ही कोणाच्या बाजूनं?"

"ज्याची उधारी नाय त्याच्या."

ज्ञानेश आय.टी.आय. शिकलेला, त्यानं मोबाईल काढला. "मामा, परदेशात असल्या भिंतीला हॉल ऑफ फेम म्हणतात. तिकडं शर्यतीच्या ड्रायव्हरांचा वेगळा असतो, गाणाऱ्यांचा वेगळा. आणि ड्रायव्हरांच्यात शेवटी आलेल्याला कोणी घेत नाय."

"त्यांच्याकडं हॉल हाय," मी म्हणलो. "आपल्याकडं शेड हाय. आणि त्यांच्यातल्या एकानं तरी अकरा शीटं आणली का?"

"मामा, पण तो हरला."

"अरे, जो जिंकला त्याचं नाव सांग."

ज्ञानेशला काय, कोणालाच आठवत नव्हतं.

खलीलभाई मात्र हटायला तयार नाय. एरवी तो माणूस दोन दिवसांत हसून सोडून देतो. या वेळी चहा गार झाला तरी बोलत बसायचा. "सोम्या, बुधा सोन्यासारखा माणूस हाय, मी कधी नाय म्हणलो? पण ह्यांच्याकडं बघ ना. पाच जण. एकाला पण वाजवता येत नाय. तरी असे उभे राहिले का लोकांना वाटलं, हेच वाजवत्यात. आयुष्यात एकदा सोनेरी कोट घातला आणि परत आपापल्या कामाला लागले. त्यांचं नाव तं कुठं आलं पण नाय. त्यांनी कुठं जायचं?"

"घरी जायचं," मी म्हणलो.

सगळे हसले. खलीलभाई पण हसला, पण उशिरा हसला.

रिवाज असा का मतं टाकायच्या आधी दोन्ही फोटो तयार करून भिंतीला टेकवून ठेवायचे. ते काम माझं. बुधाचा पेपरातला फोटो माझ्याकडंच होता. पाखरांचा फोटो खलीलभाईनं घरून आणून दिला, बिस्किटाच्या डब्यातून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. म्हणलं, "भाई, तुमच्याकडं कसा?" तं म्हणे, "त्या शूटिंगची जनरेटरची गाडी बंद पडली होती, मी दुरुस्त केली. तवा दिला त्यांनी. मोठा करून आण. आणि सांभाळून, हां."

आमच्या सगळ्या फोटोंना काच एकच असते. जुन्या जीपच्या मागच्या खिडकीची. ती काच कापता येत नाय. कापायला गेलं का साबुदाण्यासारखा चुरा होतो. म्हणून काचेच्या मापाला फोटोच कापायचा, ही आमची पहिल्यापासूनची पद्धत. पाखरांचा फोटो मोठा करून आणला तं तो रुंदीला चार बोटं जास्त. बारीक करून आणला असता तर तोंडं वाटाण्याएवढी झाली असती. मी बघितलं, डाव्या कडंला चौघं छान दिसत्यात, दात दिसत्यात, कोट दिसत्यात. उजव्या टोकाला एक गिटारवाला. खांद्यापर्यंत केस, काळा चष्मा, निम्मं तोंड केसात. म्हणलं, याचं तसंही काय दिसतंय? पत्रा कापायची कात्री घेतली आणि तो कडेचा गिटारवाला सरळ उडवला.

कापलेली पट्टी टाकून पण दिली नाय. जाड कागद, चांगला होता. एका गिऱ्हाईकाच्या क्लचप्लेटचा नंबर तिच्या मागं लिहिला आणि कामाच्या चिठ्ठ्या टोचायच्या तारेवर खुपसून दिली.

खंडेनवमीच्या सकाळी पूजा झाली. दोन्ही फोटो पेपरात गुंडाळून टेकवलेले. खलीलभाईनं बुधाचा आधी उघडला. "वा," म्हणे, "कोंबडी पण दिसती." मग पाखरांचा उघडला.

बघत राहिला. बाहीनं काच पुसली. परत बघितलं. कडेला बोट फिरवलं, जिथं फोटो संपत होता तिथं.

"मस्त झालाय," म्हणे.

आणि पोत्यावरचा एक नट उचलून बुधाच्या डब्यात टाकला.

उज्वलाताई म्हणली, "भाई, डबा चुकला तुमचा."

"नाय चुकला. सोम्या बरोबर बोलतोय. बुधा खरा, गाडी खरी, शीटं खरी. आपली पाखरं कागदाची."

ज्ञानेश त्याच्या बाजूनं होता, त्यानं पण मग तिथंच टाकला. उज्वलाताईनं टाकला. माझा तं तयारच होता. चार नट, एक डबा. मी नाचायचाच बाकी होतो. बुधाला तिथूनच फोन लावला. "बुधा, उद्या दसऱ्याला ये, तुझा खिळा ठरला." तिकडं तो बायकोला ओरडून सांगत होता ते मला ऐकू येत होतं.

पेढे वाटताना बघितलं, खलीलभाईनं पेढा घेतला आणि तसाच खिशात ठेवला. गोडाचा शौकीन तो, साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू हायेत तरी चोरून खातो. म्हणलं, "काय भाई, तब्येत?" म्हणे, "काय नाय रे. घरी मेहरुन्निसाला देतो." मला काहीतरी खटकलं. पण जिंकलेल्या माणसाला खटकलेलं फार वेळ राहत नाय.

दसऱ्याला दुपारी बुधा आला. बायको कुसाबाई सोबत, नागलीच्या पापडांची पिशवी सोबत. केस पांढरे, बाकी तसाच. आल्या आल्या आपला फोटो बघितला आणि त्यातल्या अकरा जणांची नावं सांगायला लागला. म्हातारी वारली, मास्तर रिटायर झाला, कोंबडीवाल्याचं पोरगं आता पोलिसात हाय.

मग त्याचं लक्ष दुसऱ्या फोटोकडं गेलं. आम्ही तो भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. त्यानं उलटा केला आणि ओरडलाच.

"अरे तुझ्या! ही तं सोनेरी कोटवाली! यांची गाडी मीच हाकली ना आठ दिवस!"

"तू?"

"मग काय तं! धरणावर नेऊन आणायचं काम मला होतं." त्यानं फोटो डोळ्याजवळ घेतला. "पण हे काय? चारच? पाचवा कुठं गेला?"

"कोण पाचवा?" मी विचारलं. पण विचारता विचारताच माझे डोळे चिठ्ठ्यांच्या तारेकडं गेले.

"खलील!" बुधा म्हणाला. "अहो, गिटारवाला पळून गेला ना, त्याला विंचू चावला का काय. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला. खलील जनरेटरच्या खाली पडलेला, त्याला ओढून काढला, हात धुवायला लावले, केसाचा टोप घातला, कोट घातला. म्हणले, नुसता उभा राहा. दोन दिवस उभा होता हा! जीपमध्ये येताना कोट काढायला तयार नाय. तुम्हाला माहीत नाय? मला वाटलं सगळ्यांना माहीत असंल."

खलीलभाई जॅकची माळ सारखी करत होता.

"भाई," ज्ञानेश म्हणाला, "तुम्ही कधी बोलले नाय."

"काय बोलणार?" खलीलभाई आमच्याकडं न बघता म्हणे. "तवा मी गंगापूर रोडला उस्तादाकडं कामाला. काम टाकून तमाशा केला म्हणून उस्तादानं मारलं असतं. अब्बांना कळलं असतं तं घरातून काढलं असतं. एकट्या मेहरुन्निसाला सांगितलं, ते पण लग्न झाल्यावर. मग गॅरेज टाकलं, आणि नियम माझाच, गॅरेजचा माणूस नाय. माझ्या तोंडानं कसं म्हणणार का मला लावा? म्हणलं बँड लागला, तं कडेला आपण पण लागू. कोणाला कळणार नाय. मला कळंल, बास. आणि भिंत तं आता जायचीच हाय." मग माझ्याकडं बघून हसला. "सोम्या, तुझी चूक नाय. काच कापता येत नाय."

सत्तावीस वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काम केलं. शिव्या खाल्ल्या, पगाराच्या आधी उचल घेतली, पोरीच्या लग्नाला त्याची गाडी नेली. आणि मी म्हणलो होतो, घरी जायचं.

मी सरळ उठलो, चिठ्ठ्यांची तार भिंतीवरून काढली आणि टेबलावर पालथी केली. ब्रेक, क्लच, हॉर्न, सगळ्या चिठ्ठ्या. मधी सापडली पट्टी. तारेचं भोक गिटारीच्या दांड्यातून गेलं होतं. तोंड शाबूत होतं. मी पुसली आणि सगळ्यांपुढं धरली.

"याला लावायचं," मी म्हणलो.

"नियम हाय," खलीलभाई म्हणे.

"कसला नियम? गॅरेजचा माणूस नको, एवढाच ना? हा कुठं गॅरेजचा हाय? हा सोनेरी पाखरांचा गिटारवाला हाय. आठ दिवस मी घसा फोडून सांगतोय का हा बँड कधी नव्हताच. जो माणूस नव्हताच तो पगार कुठून खाणार? काय ताई?"

"शंभर टक्के," उज्वलाताई म्हणली. "आणि आमच्या मालकाचं पोट बघा, आणि हे बघा. हा दुसराच कोणीतरी हाय."

"पण खिळा एकच हाय," खलीलभाई म्हणे. "आणि तो बुधाचा. ठरलंय, नट पडलेत. बुधाच्या खिळ्यावर मी बसणार नाय. उगाच वाद नको."

हे खरंच होतं. बुधा एवढ्या लांबून बायकोला घेऊन आलेला. त्याला परत पाठवायचं माझ्याच्यानं पण झालं नसतं. मी पट्टी हातात घेऊन तसाच उभा.

बुधा आपल्या फोटोकडं बघत होता. जीपच्या उजव्या बाजूला त्या फोटोत काहीच नव्हतं, नुसता धुरळा. त्यानं माझ्या हातातून पट्टी घेतली आणि काचेवर त्या जागी धरली. उंची बरोबर. दोन्ही फोटो एकाच काचेचे ना.

"सोमाभाऊ," म्हणे, "जरा सरका. एक शीट होतंय."

कुसाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. ज्ञानेशनं चौकटीच्या मागचे खिळे उपसले. मी काच काढली, पट्टी आत सरकवली, परत काच बसवली. बघितलं तर असं दिसायला लागलं का बुधाची जीप गच्च भरलीय, आणि एक लांब केसांचा, सोनेरी कोटवाला माणूस गिटार घेऊन बाहेर लटकलाय. सुरगाण्याच्या जीपला जागा नसली का माणसं लटकत्यात ना, तसाच.

नट परत टाकायला लागले. फोटो बदलला तं मतं नव्यानं, असं उज्वलाताई म्हणली. एकच डबा ठेवला. चौघांचे चार पडले. मग बुधानं पाचवा टाकला. त्याला हक्क नव्हता, पण कोण अडवणार?

खिळा खलीलभाईनं ठोकला. हातोडी दोनदा बोटावर बसली. उरलेली चार पाखरं उज्वलाताई टपरीवर घेऊन गेली. म्हणली, चहाच्या वाफेनं पिवळी पडतील, पण ऐकायला गाणं तं मिळंल.

फोटोपुढं उभा राहून ज्ञानेश म्हणाला, "भाई, गिटार उलटी धरलीय तुम्ही."

"मग? मला कुठं वाजवता येत होती?"

संध्याकाळी मेहरुन्निसाभाभी आल्या. बुधाच्या घरच्यांना जेवायला न्यायला आल्या होत्या. भिंतीपुढं थांबल्या, चष्मा वर केला, खूप वेळ बघितलं. खलीलभाई तं हातातला पानाच पुसत बसला.

"कोट पिवळा दिसतोय," भाभी म्हणल्या. "मला तं तुम्ही सोनेरी सांगितलं होतं."

"फोटो जुना हाय," खलीलभाई म्हणे.

"असंल," भाभी म्हणल्या, आणि पदराच्या टोकानं काच पुसली. सगळी नाय. उजवीकडची चार बोटंच.